तुमच्या दारावरचा खडू

नामदेवभाऊ, तुम्ही गेलात त्या आठवड्याचा तापाचा अहवाल सोमवारी आमच्या आरोग्य केंद्राच्या ग्रुपवर आला. मोबाइल लांब धरून मी आपल्या गावाची ओळ शोधली. ताप: निरंक. डेंग्यू: निरंक. मृत्यू: निरंक. म्हणजे कळवण्यासारखं काही घडलंच नाही. अहवाल वेळेत आला म्हणून कुणीतरी खाली अंगठ्याचं चित्रही टाकलं होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षं ज्या गावाचा ताप तुम्ही दारोदार फिरून मोजलात, त्याच गावात तुम्ही तापानं पडलात, त्याच तापानं गेलात, आणि गावाच्या नावापुढे काही नाही. तिकडे स्टँडवर मात्र फ्लेक्स लागलाय. 'देवमाणूस हरपला, भावपूर्ण श्रद्धांजली.' त्यावर तुमचा फोटो आहे आणि तुमच्या फोटोपेक्षा सरपंचांचा मोठा आहे. म्हणजे फ्लेक्सवर तुम्ही मेलात आणि कागदावर मेलाच नाहीत.

आज तुमचा तेरावा. गेवराईकडच्या तुमच्या गावी तुमच्या भावानं जेवण ठेवलंय, मलाही निरोप होता. मी गेले नाही. तिथं बसून चांगलं चांगलं बोलणं मला जमलं नसतं. आपलं भांडण अर्ध्यावर आहे, ते सोडून तुम्ही निघून गेलात, म्हणून हे लिहितेय.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतो का? मोटारसायकलच्या हँडलला पाण्याची प्लास्टिकची पिशवी आणि त्यात बारीक बारीक मासे. मी तेव्हा नुकतीच आशा कार्यकर्ती झाले होते आणि नवा आरोग्यसेवक येणार म्हणून पारावर थांबले होते. बायकांना वाटलं, मासेवाला आला. काशीबाईंनी तर भावच विचारला.

"खायाचे न्हाईत मावशी, हौदात सोडायचेत," तुम्ही म्हणालात. "डासाची अळी खात्यात हे."

"आन् आमी काय माशाचं पाणी प्यायाचं व्हय? लई शाना आलाय."

मी पदर तोंडाला लावून हसत होते. महिनाभरात त्याच काशीबाईंनी तुम्हाला मागची खोली राहायला दिली, आणि हौदातले मासे दिसले नाहीत की त्याच तुम्हाला ओरडून विचारायला लागल्या.

गावात मला सगळे 'आशाताई' म्हणतात. नवराही चेष्टेनं तेच म्हणतो. तुम्ही एकटे मला 'शोभाताई' म्हणायचा. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ते फार बरं वाटायचं.

आपल्याकडे नळाला पाणी आठ दिवसांनी, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी. आणि वरून आदेश यायचा की आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, घरातली सगळी भांडी ओतून टाका. ज्यानं तो आदेश काढला त्याच्या घरी नळ कधी गेलाच नसणार. पहिल्या फेरीत एका बाईनं तुम्हाला रिकामी घागर फेकून मारली होती, मला आठवतंय. "पंधरा दिसानं पानी आलंय आन् वता म्हनतो! तुज्या घरचं वत की!" तुम्ही घागर उचलून तिच्या उंबऱ्यावर ठेवलीत. दुसऱ्या दिवशी जुनं धोतर घेऊन तिच्याच दारात गेलात आणि म्हणालात, "वतू नका, गाळा. ह्या भांड्यातलं त्या भांड्यात गाळायचं, आन् मोकळं झालेलं घासून उन्हात पालथं घालायचं. एक थेंब वाया जायचा न्हाई." हे कुठल्या आदेशात नव्हतं. गावानं ते ऐकलं, कारण त्यात पाण्याला मान होता. तुमच्या कामाचं कौतुक करणाऱ्या एकाही साहेबाला हे माहीत नाही.

आणि तुमचा खडू. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खडू ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. प्रत्येक दाराशेजारी भिंतीवर तारीख, आणि खाली चार आकडे: माणसं किती, ताप किती, पाण्याची भांडी किती, अळी किती भांड्यांत. लोक म्हणायचे, भिंत कशाला खराब करता? तुम्ही म्हणायचा, कागद हापिसात जातो, भिंत इथंच राहती. आपल्या घराच्या भिंतीवर 'अळी १' लिहिलेलं शेजारणीला दिसू नये म्हणून बायका फेरीच्या आदल्या दिवशी ड्रम घासायला लागल्या. तुमची ही लबाडी मला पुष्कळ उशिरा कळली.

कुलपाची गोष्ट तर तुम्ही शंभरदा सांगितली असेल. दसरा झाला की आपली खालची वस्ती ऊसतोडीला जाते. एकदा तिकडे, दूरच्या कारखान्यावर, आपल्या गावच्या एका माणसाला डेंग्यू निघाला. दवाखान्यात त्याचं आधार कार्ड मागितलं, त्यावर पत्ता आपला. मग माणूस तिकडे उसाच्या पाचटाच्या कोपीत तापानं फणफणतोय, त्याच्या आजूबाजूला शंभर माणसं झोपताहेत, आणि धुराचं मशीन घेऊन टीम आली इथं! ओळीनं बारा घरं, बाराही बंद. धूर दिला, फोटो काढले. ओसरीवर एक म्हातारे बसले होते, ते म्हणाले, "साहेब, कुलपाला ताप आलाय व्हय?" साहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. तुम्ही हसता हसता खाली बसलात, आणि संध्याकाळी मात्र माझ्या ओट्यावर येऊन एवढे संतापलात की चहा तसाच राहिला. नंतर तुम्ही मुकादमाचा नंबर शोधून काढलात, कोपीत फोन केलात, तिथल्या ड्रमांचं पाणी कसं गाळायचं ते फोनवरून सांगितलंत. ते तुमचं काम नव्हतं. पण तुम्हीच ते केलंत, कारण दुसरं कुणी करणार नव्हतं.

मी तेव्हा तुम्हाला चिडवलं होतं. "तुमचं तरी आधार कुठलं आहे? अजून गेवराईकडचंच ना? बदलून घ्या, नाहीतर तुम्ही आजारी पडलात की तिकडं धूर देतील."

"मी काय इतक्यात मरत न्हाई," तुम्ही म्हणालात.

भाऊ, याचा मला राग आहे. सगळ्या गावाचा पत्ता दुरुस्त करायला निघालेल्या माणसानं स्वतःचा पत्ता बदलायला अर्धा दिवस काढू नये?

आता आपल्या भांडणाचं. चैत्रातल्या जत्रेआधीचा आठवडा. ऊसतोडीची माणसं नुकतीच परत आली होती. खालच्या वस्तीत तुम्हाला पाच ताप सापडले. डोळ्यांमागे ठणका, अंगावर पुरळ. तुम्ही पाच लिहिले आणि पाठवले. त्याच दिवशी सरपंच माझ्या दारात आले. "ताई, जत्रा तोंडावर हाय. गावाचं नाव वर गेलं की पावनेरावळे यायचे न्हाईत, पाळनेवाला माघारी जाईल. आठ दिस दम धरा." मग आरोग्य केंद्रातल्या साहेबांचा फोन. "ताई, तुम्ही गावातल्या आहात, तुम्हीच सांगा, साथ आहे का?"

मी म्हणाले, "नाही साहेब, हवाबदलाचा ताप आहे. दोघं तर बाहेरून आलेत."

एवढंच. दोन वाक्यांत तुमचे पाचही पुसले गेले. वर्षानुवर्षं तुम्ही मोजत आलात आणि मी फोनवर एका दमात मोडून टाकलं. सरपंचांना घाबरले असं तुम्हाला वाटलं. ते अर्धंच खरं. माझ्या लेकीला बघायला जत्रेत पाहुणे येणार होते. गावात साथ आहे म्हटलं असतं तर ते आले नसते. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. आज सांगतेय, तर ऐकायला तुम्ही नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या दारात उभे राहिलात. आत आला नाहीत.

"शोभाताई, माज्या पाचाचं काय केलं तुमी?"

"मी काय केलं? विचारलं ते सांगितलं."

"बाहेरचे म्हंजी कुठले वो? तिकडं आजारी पडली की म्हनत्यात, आधार बीडचं हाय, तिकडं कळवा. इकडं आली की आपन म्हनायचं, बाहेरून आली. मंग त्या मानसानं आजारी पडायचं तरी कुठं?"

मी आवाज चढवला. "तुमची काय, बदली होईल. मला या गावात राहायचंय."

तुम्ही खाली बघत म्हणालात, "माजा कागद कुनी वाचत न्हाई ताई. तुमचं म्हननं ऐकत्यात. म्हनून तर राग आला."

त्यानंतर चार दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मीही बोलले नाही. आधी तुम्ही बोलाल, अशी माझी ऐट.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही देवळाच्या पायरीवर बसला होता. चैत्रातलं ऊन आणि तुमच्या अंगात स्वेटर. मी पाहुण्यांना देवदर्शनाला नेत होते. मी पाहिलं, भाऊ. दुसऱ्यांच्या अंगातला ताप पंचवीस पावलांवरून ओळखायला तुम्हीच मला शिकवलं होतं. मी पाहिलं आणि पुढे गेले. दर्शन घेतलं, नारळ फोडला, परत आले तोवर तुम्ही उठून गेला होता.

त्यानंतर दोन दिवसांनी काशीबाईंचा निरोप आला. मी आले तर तुम्ही खाटेवर आणि डोळे लाल. मला बघून तुम्ही रागावला नाहीत, साधी चौकशीही केली नाहीत. म्हणालात, "ताई, लिवून घ्या. नामदेव, वय पन्नास. पैला ताप रविवारी. गावाच्या बाहेर कुठंच गेलतो न्हाई." दुसऱ्याला विचारायचा त्या क्रमानं तुम्ही स्वतःचं सगळं सांगत होता. मी म्हणाले, "गप पडा आता." मी लिहून घेतलं नाही. त्या माणसाचं एवढंच म्हणणं होतं आणि मी ते ऐकलं नाही.

जीप करून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. खिडकीतल्या मुलीनं आधार मागितलं. मी दिलं. ती गेवराईचा पत्ता टाकत होती आणि मी बघत होते. तेव्हाच तिला थांबवायला हवं होतं. पण तुमचे दात वाजत होते, मला तुम्हाला आडवं करायची घाई. बाकड्यावरून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि हसलात. "आता माज्या कुलपाला धूर देतील बघा."

माझ्याशी तुमचं ते शेवटचं बोलणं. रक्तात डेंग्यू निघाला आणि चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

आणि तसंच झालं. तुमच्या भावाचा फोन आला. "ताई, मशीन घेऊन मानसं आलती. बंद घराला धूर देऊन गेली. रुग्ण इथं राहत न्हाई असं लिवून नेलं." मी आपल्या साहेबांना फोन लावला. म्हणाले, "ताई, तो आकडा तिकडचा. आपल्याकडे धरला तर दुबार होईल." मी म्हणाले, तिकडे तर इथं राहत नाही असं लिहिलंय. "मग तो त्यांचा प्रश्न."

हे ऐकून मी भर रस्त्यात ओरडले. दुबार होईल म्हणे! अहो, एकदा तर धरा!

हा काही नुसता तुमच्या मानाचा प्रश्न नव्हता. काशीबाईंची लेक मनीषा बाळंतपणाला माहेरी आलीय, सातवा महिना. तुमच्या खोलीची आणि तिच्या खोलीची भिंत एक. तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. गल्लीत आणखी दोघांना. गावात केस असेल तर टीम येणार, घरोघरी रक्त घेणार. केस नसेल तर टीम नाही. आणि कागदावर आपलं गाव निरंक. तुम्हाला न मोजल्याचं फळ ती पोर भोगणार होती.

सोमवारी तो अहवाल वाचला आणि मी तडक काशीबाईंकडून किल्ली घेतली. तुमच्या खोलीत काहीतरी कागद सापडेल, इथं राहत होतात याचा पुरावा, एवढंच मनात होतं. खुंटीवर शर्ट होता. कोपऱ्यात मोरी. मोरीजवळ घागर, बादली आणि निळा ड्रम. सवयीनं मी झाकण उचललं.

अळ्या होत्या, भाऊ. वरपासून खालपर्यंत वळवळत होत्या.

आधी तुमच्यावर एवढी चिडले की तुम्ही समोर असतात तर काय बोलले असते मलाच माहीत नाही. सकाळी सातला आमचे ड्रम बघायला बाहेर पडायचात, संध्याकाळी परत यायचात, आणि स्वतःच्या ड्रमात डोकवायला तुम्हाला वेळ नव्हता! भिंतीपलीकडे गरोदर बाई झोपते आणि अलीकडे हे. मग रडले. मग मनात आलं, की ड्रम मोरीत लोटून द्यावा. कुणी बघत नव्हतं. नाहीतर उद्या हेच सरपंच म्हणतील, दुसऱ्यांच्या भिंती रंगवणाऱ्याच्याच घरात अळी. मेलेल्या माणसाचं नाव तरी राहू द्यावं. मी ड्रमच्या काठाला हात घातलासुद्धा.

पण पाणी ओतलं असतं तर मी दुसऱ्यांदा तुमचा आकडा पुसला असता.

मी बाहेर आले आणि तुमच्या दाराशेजारची भिंत पाहिली. कोरी. गावातल्या एकूण एक दारावर तुमचं अक्षर आहे आणि तुमच्या दारावर कधी काही लिहिलंच गेलं नाही. तुम्ही स्वतःला मोजलं नाही, आणि अकरा वर्षं तुमच्या मागे फिरणाऱ्या मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही. मी परत आत गेले, शर्टाच्या खिशातला खडू काढला आणि तुमच्यासारखंच लिहिलं. तारीख. माणसं १. ताप १. भांडी ३. अळी १.

फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'हा माणूस याच गावात राहत होता आणि याच गावात आजारी पडला. याच्या आधीचे पाच तापही इथलेच. ते मी लपवले. शोभा, आशा कार्यकर्ती.'

ग्रुपवर कुणी अंगठा टाकला नाही. अर्ध्या तासानं साहेबांचा फोन. "ताई, हे काय केलंत?"

मी म्हणाले, "तुम्ही मला विचारलं होतं, साथ आहे का. तेव्हा खोटं बोलले. आता सांगते, आहे."

दुसऱ्या दिवशी टीम आली. या वेळी कुलपांपाशी नाही, माणसांपाशी. मनीषाचं रक्त घेतलं, डेंग्यू निघाला, तिला अंबाजोगाईला नेलं. काल काशीबाई जाऊन आल्या. ताप उतरलाय, बाळाचे ठोके बरे आहेत. घरी कधी सोडणार ते अजून सांगत नाहीत.

सरपंच तुमच्या दारात आले होते. "ताई, देवमानसाच्या घरावर अळी लिवता? पुसा आधी ते."

मी काही बोलायच्या आत काशीबाई पुढे झाल्या. "भिंत माजी हाय. कुनी हात लावायचा न्हाई. लई पुळका आला आसंल तर त्यो फ्लेक्स उतरवा." भाऊ, तुम्हाला मासेवाला समजलेली बाई ती हीच.

अहवाल दुरुस्त झालाय. आपल्या ओळीत आता 'मृत्यू: १' आहे. तिथं नावाला जागा नसते, पण तो एक म्हणजे तुम्ही आहात. लेकीची सोयरीक मोडली. पाहुण्यांना कुणीतरी ग्रुपवरचं सगळं दाखवलं. लेक म्हणाली, बरं झालं आई, तसा मुलगा मला आवडलाच नव्हता. खरं बोलली की मला बरं वाटावं म्हणून, कळलं नाही.

तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. आज तेरावा होता आणि आज फेरीचाही दिवस होता, म्हणूनही मी गेवराईला गेले नाही. सकाळी सातला खडू घेऊन निघाले. तुमच्या खोलीपाशी आले. ड्रम टीमनं बघितल्यावर मी त्यातलं पाणी तुमच्याच जुन्या धोतरानं गाळून काशीबाईंच्या झाडांना घातलं होतं. ओतलं नाही. ड्रम, घागर, बादली घासून दारात पालथी घातलीत, चांगली वाळलीत. मग भिंतीवर जुन्या आकड्यांच्या खाली आजची तारीख लिहिली. भांडी शून्य, अळी शून्य, ताप शून्य हे आधी लिहून टाकलं. माणसांची जागा सोडली होती, ती सगळ्यात शेवटी भरली.